एक वॉकमन, बारा जुनी गाणी: ‘ऑसम मिक्स व्हॉल्यूम १’चं प्रकरण

अमेरिकेत कुठला अल्बम किती खपला हे सांगणारी सर्वांत वजनदार यादी म्हणजे बिलबोर्ड २००. २३ ऑगस्ट २०१४ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या अल्बममध्ये एकही नवं गाणं नव्हतं. बारा गाण्यांतलं सर्वांत ताजं १९७९ चं आणि सर्वांत जुनं १९६७ चं. त्या आठवड्यात त्याच्या १,०९,००० प्रती विकल्या गेल्या. आदल्याच आठवड्यात टॉम पेटीचा ‘हिप्नॉटिक आय’ पहिला आला होता. १९७६ पासून अल्बम काढणाऱ्या या गायकाला पहिल्या क्रमांकासाठी इतकी वर्षं थांबावं लागलं आणि त्याला खाली खेचलं ते त्याच्याच उमेदीच्या काळातल्या, दुसऱ्यांच्या गाण्यांनी. आधी प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचाच बनलेला चित्रपट-अल्बम या यादीत पहिला येण्याची बिलबोर्डच्या इतिहासातली ही पहिली वेळ.

अल्बमचं नाव ‘गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी: ऑसम मिक्स व्हॉल्यूम १’. डिस्नीच्या मालकीच्या हॉलिवूड रेकॉर्ड्सने तो २९ जुलै २०१४ ला, म्हणजे ‘गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी’ हा मार्व्हलचा चित्रपट अमेरिकेत लागण्याच्या तीन दिवस आधी, बाजारात आणला.

यातलं प्रत्येक गाणं तेव्हा इंटरनेटवर सुटं विकत मिळत होतं आणि फुकट ऐकायलाही मिळत होतं. ‘सत्तरच्या दशकातली हिट गाणी’ छापाचे स्वस्त संग्रह तर पेट्रोल पंपांवर मिळायचे. मग लोकांनी हाच संग्रह एवढा का घेतला? ‘चित्रपट चालला म्हणून अल्बम चालला’ हे उत्तर पुरत नाही. चित्रपटाने जगभरात ७७ कोटी डॉलरच्या घरात धंदा केला हे खरं, पण त्याहून जास्त कमावलेल्या कितीतरी चित्रपटांचे अल्बम कुणाच्या लक्षातही नाहीत.

आधीचे दाखले

जुनी गाणी गोळा करून चित्रपट सजवण्याची कल्पना २०१४ ची नव्हे. १९७३ मध्ये जॉर्ज लुकासने ‘अमेरिकन ग्राफिटी’त जवळजवळ सलग रेडिओ वाजवत ठेवला. त्याचा दोन तबकड्यांचा अल्बम ४१ गाण्यांचा होता. तुटपुंज्या खर्चात एवढ्या गाण्यांचे हक्क मिळवण्यासाठी सगळ्या हक्कदारांपुढे एकच ठरीव रक्कम ठेवण्यात आली. एल्व्हिस प्रेस्लीची रेकॉर्ड कंपनी आरसीएने ती नाकारली आणि पन्नासच्या दशकातल्या रॉक अँड रोलवर बेतलेल्या त्या संगीतात एल्व्हिसचा आवाजच नाही. पुढे १९८३ मध्ये ‘द बिग चिल’ आला, १९९४ मध्ये ‘फॉरेस्ट गम्प’. गम्पचा दोन सीडींचा संच तर अमाप खपला, तरी त्याची मजल दुसऱ्या क्रमांकापर्यंतच गेली.

या तिन्हींत गाण्यांचं काम मुख्यतः काळ दाखवण्याचं किंवा सरलेला काळ जागवण्याचं होतं. गाणं वाजलं की प्रेक्षकाला कळायचं, आपण १९६२ मध्ये आहोत, किंवा व्हिएतनाम युद्धाच्या वर्षांत. गाणी निवडणारा गोष्टीच्या मध्यभागी नव्हता. ‘गार्डियन्स’मध्ये तो तिथे आला आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडला.

अडचण आणि तोडगा

मार्व्हल स्टुडिओजचा हा दहावा चित्रपट. आधीच्या नऊ चित्रपटांत आयर्न मॅन, हल्क, थॉर, कॅप्टन अमेरिका असे मोठे मोहरे होते. आता पाळी होती बंदूक चालवणाऱ्या रॅकूनची आणि तीनच शब्द बोलणाऱ्या झाडाची. कॉमिक्स नेमाने वाचणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर ही मंडळी कुणाला ठाऊक नव्हती. त्यात सगळी गोष्ट परक्या ग्रहांवर घडणारी. प्रेक्षकाला घट्ट धरता येईल असं त्यात काहीच नव्हतं.

पटकथेचं सुरुवातीचं काम निकोल पर्लमन यांनी केलं होतं. दिग्दर्शक जेम्स गन आला आणि त्याने पुनर्लेखन करताना वॉकमन आणला. १९८८ साली मिझूरीतल्या एका रुग्णालयात पीटर क्विल या मुलाची आई कॅन्सरने जाते आणि त्याच रात्री परग्रहावरचे लोक त्याला पळवतात. पोराकडे उरतो एक सोनी वॉकमन आणि आईने स्वतःच्या आवडीची गाणी भरून दिलेली कॅसेट. पुढची २६ वर्षं तो तीच कॅसेट ऐकतोय. पृथ्वीचा, घराचा, आईचा एवढाच धागा त्याच्यापाशी आहे.

आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात कागदावर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायचे आणि कॅसेट भरून घ्यायचे. ज्यांनी हे केलंय त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. अशी कॅसेट दुसऱ्याच्या हाती पडली की भरून घेणाऱ्याचा सगळा स्वभाव उघडा पडायचा. साठ मिनिटांची घ्यायची की नव्वदची, शेवटचं गाणं बाजू संपता संपता तुटणार तर नाही ना, याचा हिशेबही असायचा. या अल्बमची बारा गाणी मिळून साधारण पाऊण तास होतात, म्हणजे नव्वदच्या कॅसेटची बरोबर एक बाजू. हे जाणूनबुजून केलं की आपसूक झालं कोण जाणे, पण बसलंय चपखल.

निवडीचा नियम

गनने आपली पद्धत अनेक मुलाखतींत सांगितली आहे. सत्तरच्या दशकातल्या बिलबोर्डच्या याद्या त्याने उपसल्या, शेकडो गाणी उतरवून घेतली, त्यातून शे-सव्वाशे गाण्यांची यादी केली आणि ती घरात वाजवत राहिला. कधी प्रसंग तयार होता आणि गाणं शोधलं, तर कधी गाण्यातून प्रसंग सुचला. ही गाणी पटकथेतच लिहिलेली होती आणि चित्रीकरणाच्या वेळी सेटवर वाजवलीही गेली. डेव्ह जॉर्डन म्युझिक सुपरवायझर, म्हणजे गाणी आणि त्यांचे हक्क मिळवण्याचं काम पाहणारा, होता. पार्श्वसंगीत टायलर बेट्सचं, त्यातलाही काही भाग आधी तयार करून सेटवर ऐकवला गेला. बहुतेक चित्रपटांत हे उलट असतं, संकलन संपत आल्यावर गाणी चिकटवली जातात.

गाणं निवडताना गनचा निकष असा, की गाणं ऐकल्यावर ‘अरे, हे ऐकलंय’ असं वाटावं, पण नाव चटकन आठवू नये. मला हा निकष सर्वांत हुशारीचा वाटतो. बीटल्स किंवा लेड झेपलिनचं गाणं लावलं असतं तर ते प्रेक्षकाच्या आधीच्या शंभर आठवणी घेऊन आलं असतं, आणि त्या आठवणींत क्विलच्या आईला जागा उरली नसती. यादी पाहा. ब्लू स्वीड, द रास्पबेरीज, नॉर्मन ग्रीनबॉम, एल्विन बिशप, रेडबोन, रूपर्ट होम्स, द फाइव्ह स्टेअरस्टेप्स. यांतल्या बहुतेकांचं सामान्य श्रोत्याला एकच गाणं माहीत असतं. बोवी, जॅक्सन फाइव्ह, मार्विन गे अशी मोठी नावं आहेत, पण तीही मोजकी, आणि बोवीचं ‘मूनेज डेड्रीम’ हे काही त्याचं गल्लोगल्ली वाजलेलं गाणं नव्हे.

मिझूरीच्या एका तरुणीने सत्तरच्या दशकात रेडिओवर काय ऐकलं असेल, या कसोटीवर बारापैकी दहा गाणी सहज पास होतात. बोवीचं मला दिग्दर्शकाच्या आवडीचं वाटतं. द रनअवेजचं ‘चेरी बॉम्ब’ मात्र आधी खटकतं आणि मग आवडू लागतं. वयात येणाऱ्या मुलींच्या बँडचं हे १९७६ चं बंडखोर गाणं आई आपल्या लहान मुलाच्या कॅसेटमध्ये भरते, यातून ती कशी होती याचा जेवढा अंदाज येतो तेवढा तिच्या तोंडच्या एकाही संवादातून येत नाही.

चित्रपटात ही गाणी पात्रांना ऐकू येतात. क्विल ओसाड ग्रहावर चोरी करायला निघतो आणि हेडफोन लावून ‘कम अँड गेट युअर लव्ह’वर नाचतो. तुरुंगातला पहारेकरी त्याचा वॉकमन काढून घेऊन ‘हूक्ड ऑन अ फीलिंग’ ऐकत बसतो, तेव्हा क्विल मार खाण्याची तयारी ठेवून ओरडतो की ते गाणं माझं आहे. तुरुंगातून पळण्याची वेळ येते तर सोबत्यांना थांबवून हा माणूस वॉकमन आणायला परत जातो, तेव्हा ‘एस्केप’ वाजतं. सोबत्यांपैकी गमोरा या तरुणीच्या कानांवर हेडफोन चढवतो तेव्हा एल्विन बिशपचं गाणं असतं. ते प्रत्यक्षात गायलंय मिकी थॉमसने, बिशपने स्वतः नाही, ही जाता जाता एक गंमत. म्हणजे थिएटरबाहेर पडलेला माणूस अल्बम विकत घेतो तेव्हा तो चित्रपटाची आठवण म्हणून काही घेत नसतो. चित्रपटात जी वस्तू क्विलने जिवापाड जपली, तीच तो घेत असतो. मुखपृष्ठावरही कॅसेटच आहे.

एका गाण्याचा प्रवास

‘हूक्ड ऑन अ फीलिंग’कडे जरा थांबून पाहायला हवं. मार्क जेम्सचं हे गाणं १९६८ मध्ये बी. जे. थॉमसने गायलं. त्या मूळ ध्वनिमुद्रणात रेजी यंगने इलेक्ट्रिक सितार वाजवली आहे. रविशंकरांमुळे पश्चिमेत सितारीचं वेड पसरलं होतं, पण ती शिकायला वर्षं लागतात, म्हणून गिटारवादकांना वाजवता येईल असं झणझणणाऱ्या तारांचं वाद्य अमेरिकेत तयार झालं. १९७१ मध्ये इंग्लंडच्या जोनाथन किंगने ते गाणं पुन्हा केलं आणि सुरुवातीला ‘ऊगा-चाका’ हा हुंकार जोडला. तो हुंकार उचलून स्वीडनच्या ब्लू स्वीडने आपली आवृत्ती काढली, गायक ब्यॉर्न शीफ्स. सितार गेली, ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं आली, आणि १९७४ च्या एप्रिलमध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. १९९२ मध्ये दिग्दर्शक क्वेंटिन टॅरँटिनोने ते आपल्या पहिल्या चित्रपटात वापरलं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘गार्डियन्स’च्या पहिल्या ट्रेलरवर हेच गाणं टाकण्यात आलं. अंतराळ, तोफा, परग्रहवासी आणि मागे ‘ऊगा-चाका’. हा चित्रपट स्वतःला फार गंभीरपणे घेत नाही, हे ट्रेलरने कुठलंही स्पष्टीकरण न देता सांगितलं. गाण्याची विक्री लगेच उसळली. अल्बम यायला तेव्हा पाच महिने होते.

पैसा कुणाला

चित्रपटात जुनं गाणं वापरायला दोन वेगळे परवाने लागतात. एक रचनेचा, म्हणजे गीतकार-संगीतकार आणि त्यांच्या प्रकाशकाचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात आणि जो बहुधा रेकॉर्ड कंपनीच्या ताब्यात असतो. बारा गाण्यांसाठी किमान चोवीस होकार. हे झालं पडद्यापुरतं, अल्बम काढायचा तर त्याचा करार आणखी वेगळा. अशा संग्रहांच्या करारांत बहुधा एक कलम असतं, की एकाला जादा दर दिला तर बाकीच्यांनाही तोच द्यायचा. त्यामुळे एखादा बडा हक्कदार अडून बसला की सगळ्यांचाच भाव वाढतो. अतिप्रसिद्ध गाणी टाळण्याचा गनचा निकष या हिशेबातही सोयीचा ठरला असणार, जरी त्याने तो गोष्टीसाठी लावला असला तरी. जॅक्सन फाइव्ह आणि मार्विन गे यांची मोटाउनची मास्टर्स, टेन सीसी आणि रनअवेज यांची मर्क्युरीची, ही सगळी आता युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीच्या छत्राखाली आहेत, आणि हॉलिवूड रेकॉर्ड्सचं अमेरिकेतलं वितरणही युनिव्हर्सलच करत होतं. अशा वेळी फोन थोडे कमी फिरवावे लागतात.

अल्बमच्या प्रत्येक प्रतीमागे रचनाकारांना मिळणारा कायद्याने ठरलेला दर तेव्हा अमेरिकेत पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला ९.१ सेंट होता, त्याहून लांब गाण्याला मिनिटागणिक १.७५ सेंट. सहा मिनिटांचं ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ सोडलं तर बाकी सगळी पाचाच्या आत. पूर्ण दर धरला तर एका प्रतीमागे साधारण १.१ डॉलर रचनाकारांच्या वाट्याला येतो, आणि पहिल्या क्रमांकाच्या त्या एका आठवड्यात सव्वा लाख डॉलरच्या आसपास. गायक-वादकांचा वाटा त्यांच्या जुन्या करारांवर अवलंबून. ‘हूक्ड ऑन अ फीलिंग’वर रचनाकार म्हणून नाव एकट्या मार्क जेम्सचं आहे. ज्या हुंकारामुळे ट्रेलर गाजला, तो जोडणाऱ्या जोनाथन किंगचं तिथे नाव नाही, आणि ज्याने गाणं आधी लोकप्रिय केलं त्या थॉमसचा या ध्वनिमुद्रणाशी संबंध नाही.

अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे फक्त रचनाकाराला मिळतात, गायकाला नाही. उपग्रह आणि इंटरनेट रेडिओने गायकांनाही द्यायचे असतात, पण १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणं तेव्हा त्या केंद्रीय कायद्यात बसत नव्हती. ही फट बुजली २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन ॲक्टने. आपल्या बारांतली किमान चार गाणी या तारखेआधीची आहेत: मार्विन गे आणि टॅमी टेरेल, जॅक्सन फाइव्ह, ग्रीनबॉम, फाइव्ह स्टेअरस्टेप्स. अशा गाण्यांच्या मास्टरला चित्रपटाचा परवाना मिळणं म्हणजे रेडिओवरच्या कितीही वर्षांच्या वाजण्यापेक्षा ठोस कमाई.

पैशापलीकडे फायदा झाला तो रेडबोनचा, असं मला वाटतं. पॅट आणि लॉली व्हेगास या मूलनिवासी वंशाच्या भावांचा हा बँड. १९७४ मध्ये ‘कम अँड गेट युअर लव्ह’ बिलबोर्डच्या सुट्या गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, मूलनिवासी अमेरिकन बँडसाठी ती अपूर्व गोष्ट होती. नंतर बँड विस्मरणात गेला. चित्रपटाची शीर्षकं याच गाण्यावर पडतात, आणि विशी-पंचविशीतली मुलं रेडबोन कोण हे शोधू लागली.

वेळ आणि कॅसेट

या यशात वेळेचा हात होता हेही मान्य करायला हवं. ऑगस्ट २०१४ मध्ये बिलबोर्ड २०० फक्त विक्री मोजत होतं. त्याच वर्षी डिसेंबरपासून स्ट्रीमिंग आणि सुटी गाणीही हिशेबात धरली जाऊ लागली. जुन्या गाण्यांच्या संग्रहाला हा नवा हिशेब अडचणीचा, कारण तेच ध्वनिमुद्रण मूळ कलाकाराच्या अल्बमवरही असतं. चार महिने उशीर झाला असता तर हा विक्रम झाला असता की नाही, सांगता येत नाही. विक्री मात्र टिकली. २०१४ मध्ये अमेरिकेत चित्रपट-अल्बमांत फक्त ‘फ्रोझन’ याच्या पुढे होता. ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पुरस्कार तिथेही ‘फ्रोझन’नेच नेला.

२८ नोव्हेंबर २०१४ ला, रेकॉर्डच्या दुकानांसाठीच्या रेकॉर्ड स्टोअर डेच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ उपक्रमात, हा अल्बम खऱ्याखुऱ्या कॅसेटवर आला. डिस्नीने २००३ नंतर कॅसेट काढलीच नव्हती. विकणारे, विकत घेणारे, सगळ्यांना ठाऊक होतं की ही गंमत आहे, तरी पुढची काही वर्षं अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या कॅसेटांत ती राहिली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने समुद्री चाच्यांच्या झेंड्यासारखी कॅसेटखाली दोन हाडं काढून ‘घरी कॅसेट भरल्याने संगीत मरतंय’ अशी मोहीम चालवली होती. त्याच धंद्याने तीस वर्षांनी घरी भरलेल्या कॅसेटची नक्कल कारखान्यात बनवून विकली.

अल्बमबद्दल माझी तक्रार एकच, गाण्यांच्या क्रमाची. चित्रपट सुरू होतो टेन सीसीच्या ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ने, रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या कानात. आवाजांचे तुकडे टेपवर एकावर एक चढवून उभं केलेलं ते धुकट कोरस आणि त्यातली ती कुजबुज. अल्बमवर ते सहावं आहे. पहिलं ‘हूक्ड ऑन अ फीलिंग’, कारण ट्रेलरमुळे लोक तेच मागत येणार. आईने भरलेली कॅसेट म्हणून जे विकलं, त्याचा क्रम विक्री खात्याच्या सोयीचा वाटतो.

दुसरा भाग २०१७ मध्ये आला. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी क्विल आईने दिलेलं, इतकी वर्षं न उघडलेलं पुडकं उघडतो आणि त्यात ‘व्हॉल्यूम २’ निघतो, त्यामुळे पुढच्या अल्बमची जाहिरात गोष्टीतच होऊन गेली होती. गाणी म्हणून पाहिलं तर हा संग्रह पहिल्याहून भारी आहे: फ्लीटवूड मॅक, जॉर्ज हॅरिसन, इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा, कॅट स्टीव्हन्स. पण आता ‘अरे, हे ऐकलंय’ची गंमत नव्हती. ही गाणी आणि ही नावं सगळ्यांना पाठ होती. अल्बम चांगला खपला, पहिल्या क्रमांकावर गेला नाही.

त्याच चित्रपटाच्या शेवटी क्विलच्या हाती मायक्रोसॉफ्टचा झून हा गाणी वाजवणारा छोटा प्लेअर येतो आणि त्यात ३०० गाणी आहेत हे ऐकून तो चाट पडतो. २०२३ च्या तिसऱ्या अल्बममध्ये मग १७ गाणी, रेडिओहेडच्या ‘क्रीप’च्या अकूस्टिक आवृत्तीपासून बीस्टी बॉइज, ब्रूस स्प्रिंगस्टीन, फ्लोरेन्स अँड द मशीनपर्यंत. एकेक गाणं आपल्या जागी उत्तम बसवलं आहे. फक्त ही यादी आता आईची नाही आणि क्विलचीही नाही, कुणीतरी आधीच भरलेल्या यंत्रातली आहे. ऐकताना जेम्स गनची आवड तेवढी कळते.